चार मुलांची शब्बाथ शाळा आणि जरुब्बाबेलाचा ओळंबा

पाथर्डी परिसरातील एका भगिनीचे पत्र आले आहे. ते बरेच लांब असल्यामुळे त्यातला मुख्य भाग तेवढा येथे देत आहे.

“मी अंगणवाडीत मदतनीस आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत मी शब्बाथ शाळा सुरू केली. पहिल्या रविवारी अकरा मुले होती. आज चार येतात आणि त्यांतली दोन माझीच आहेत. दोन कुटुंबे चाकणला कंपनीच्या कामाला गेली, काही मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, एकाचा रविवारी सकाळी क्लास असतो. (एक मुलगा आजीजवळ राहतो, तो मात्र एकही रविवार चुकवत नाही. दानासाठी एक रुपया आणतो आणि पाठ संपेपर्यंत मुठीत घट्ट धरून बसतो.) गेल्या बैठकीत पंचांनी सुचवले, की चार मुलांसाठी वेगळी शाळा कशाला, त्यांना मोठ्यांच्या उपासनेतच बसवावे आणि ती खोली खुर्च्या ठेवायला घ्यावी. माझी मावसबहीण पिंपरीला असते. तिच्या मंडळीत मुलांसाठी वेगळा हॉल, पडदा, वाद्ये, वीस शिक्षक आहेत. तिने पाठवलेले फोटो पाहिले, की मला माझ्या कामाची लाज वाटते. पाळकसाहेब म्हणतात, मोहरीचा दाणा आहे, वाढेल. पण तीन वर्षांत तो घटलाच. माझा विश्वासच लहान म्हणून काम लहान राहिले का? आणि देवाला हे काम दिसते तरी का?”

प्रिय भगिनी,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येईल. ‘आमचा विश्वास वाढवा’ अशी मागणी प्रेषितांनीही प्रभूकडे केली होती आणि तिचे उत्तर म्हणून प्रभूने त्यांना अधिक विश्वास दिल्याचे शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगत नाही; मोहरीच्या दाण्याएवढा असला तरी पुरेल, एवढेच प्रभू म्हणाला. विश्वासाचे माप आणि हजेरीचा आकडा यांचा संबंध जोडण्याची सवय आपल्याला कोठून लागली हे शोधायला गेलो, तर ती शुभवर्तमानातून लागलेली नाही, एवढे निश्चित आढळेल. दोन कुटुंबे चाकणला गेली ती पोटासाठी गेली, तुमच्या विश्वासातील उणिवेमुळे नव्हे. तेव्हा हा भार तुम्ही खांद्यावरून उतरवून ठेवावा.

दुसरा प्रश्न मात्र मोठा आहे आणि त्याकडे जाण्यापूर्वी पाळकसाहेबांनी दिलेल्या दिलाशाविषयी, त्यांचा पूर्ण मान राखून, मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. ‘आज लहान आहे, उद्या मोठे होईल’ हे वाक्य आपण एकमेकांना इतक्या सहजपणे सांगतो, की त्यात दडलेला अर्थ आपल्या ध्यानात येत नाही. तो अर्थ असा, की आज जे आहे ते खरे काम नव्हे, ती केवळ प्रतीक्षा आहे. देव पुढे कधीतरी, गर्दी जमल्यावर येईल आणि तोवर आपण दार उघडे ठेवून बसायचे. तीन वर्षे असे बसलेल्या माणसाला लाज वाटू लागली, तर त्यात नवल नाही.

मोहरीचा दाखलाच नीट पाहावा. देवाचे राज्य मोहरीच्या लहानशा दाण्यासारखे आहे, तो पेरल्यावर वाढतो आणि पाखरे त्याच्या फांद्यांत राहतात, असे प्रभूने त्यात सांगितले. यहेज्केल संदेष्ट्याने देवाच्या राज्याचे चित्र रंगवताना गंधसरू निवडला होता. उंच पर्वतावर लावलेली, डौलदार वाढलेली आणि सर्व प्रकारच्या पाखरांना आसरा देणारी ती लबानोनाची शोभा होती. प्रभूच्या श्रोत्यांना हे चित्र ठाऊक होते. फांद्यांत वस्ती करणारी पाखरे आली, म्हणजे आता गंधसरूचे नाव येणार, अशी त्यांची अपेक्षा असली पाहिजे. प्रभूने मात्र मोहरी घेतली. गालीलातली मोहरी फार तर पुरुष-दीड पुरुष उंच होते. ते मळ्यातले रोप आहे आणि मार्काने तर ते भाजीपाल्यात मोठे होते, असे अगदी मोजून सांगितले आहे. म्हणजे वाढ झाल्यावरही ते गंधसरू होत नाही, मोहरीच राहते. या दाखल्यात वाढ नाही असे मी म्हणत नाही, ती आहेच. पण आपण मनातल्या मनात दाण्याच्या जागी मोहरी आणि मोहरीच्या जागी पिंपरीचा हॉल ठेवतो, तो प्रभूने ठेवलेला नाही.

आता ज्या वचनाचा आपल्या मंडळ्यांतून वर्धापनदिनाला हमखास उल्लेख होतो, त्या जखऱ्या संदेष्ट्याच्या ‘अल्पारंभाच्या दिवसा’कडे, म्हणजे लहान सुरुवातीचा दिवस तुच्छ मानू नये या वचनाकडे, येतो. ते कोणत्या प्रसंगी बोलले गेले, हे सहसा सांगितले जात नाही. बाबेलच्या सैन्याने इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेमेतले शलमोनाचे मंदिर जाळले आणि लोकांना बंदिवासात नेले. पुढे कोरेश राजाच्या परवानगीने काही लोक परतले आणि त्यांनी आपला पुढारी जरुब्बाबेल याच्या हाताखाली नव्या मंदिराचा पाया घातला. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात त्या दिवसाचे वर्णन आहे. तरुण मंडळी आनंदाने जयघोष करत होती आणि ज्या वृद्धांनी पहिले मंदिर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, ते मोठ्याने रडत होते; आवाज दूरवर ऐकू जात होता, पण त्यातला आनंदाचा कोणता आणि रडण्याचा कोणता, हे कोणालाच ओळखता येत नव्हते. त्यानंतर विरोधामुळे काम थांबले आणि सुमारे पंधरा-सोळा वर्षे तो पाया तसाच उघडा पडून राहिला. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय आणि जखऱ्या हे संदेष्टे बोलू लागले, तेव्हा हाग्गयाने लोकांच्या मनातलेच विचारले, की हे तुम्हाला अगदीच कवडीमोल वाटते ना?

तुमचे पत्र वाचताना मला ते वृद्ध आठवले. तुमच्या डोळ्यांसमोरही एक पहिले मंदिर आहे, तो अकरा मुलांचा पहिला रविवार. आणि दुसरे एक मंदिर मावसबहिणीच्या फोटोत आहे. या दोहोंमध्ये आजची चार मुले अगदी चिमुकली दिसतात. तुमच्या रडण्यात काही पाप नाही. एज्राने त्या वृद्धांना एका शब्दानेही दोष दिलेला नाही.

पण जखऱ्याने पुढे जे सांगितले ते पाहावे. परमेश्वराचे जे सात नेत्र सर्व पृथ्वीवर फिरतात, ते कशाने आनंदित होतात? जरुब्बाबेलाच्या हातात ओळंबा पाहून. तुमच्या गावात घर बांधताना गवंडी दोरीला लोखंडी किंवा पितळी गोळा लावून भिंत सरळ आहे की नाही ते पाहतो, तोच हा ओळंबा. शिखर नव्हे, कळस नव्हे, उद्घाटनाचा सोहळाही नव्हे. भिंत अजून उभी राहायची आहे, आणि एक माणूस दोरी धरून, एक डोळा मिटून, पहिला थर सरळ बसला का ते तपासतो आहे, एवढ्यावरच देवाला आनंद झाला आहे. जरुब्बाबेलाचेच हात हे काम पुरे करतील असे अभिवचन आदल्या वचनात आहे, हे मी लपवत नाही, आणि मंदिर पुढे पाच वर्षांत पुरेही झाले. परंतु देवाने आनंदासाठी तोवर वाट पाहिली नाही. लहान कामातली देवाची थोरवी म्हणून मला जे काही कळले आहे, ते एवढेच आहे. लहान म्हणजे मोठ्याची पहिली पायरी आणि म्हणून सुसह्य, असा त्याचा अर्थ नाही. देव त्या लहानातच, ते लहान असतानाच, पूर्णपणे उपस्थित असतो.

त्या मंदिराची पुढची हकीकतही आपल्या प्रश्नाला धरूनच आहे. हेरोदाने त्याचा फार मोठा विस्तार केला आणि त्या विस्तारलेल्या आवारात एके दिवशी एक जोडपे चाळीस दिवसांचे बाळ घेऊन आले. नियमशास्त्राप्रमाणे शुद्धीकरणासाठी कोकरू आणायचे असे. ज्यांना ते परवडत नसे त्यांना होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्ले चालत. लूकने या जोडप्याच्या अर्पणाची नोंद करताना कोकराचा उल्लेखच केलेला नाही. ज्याच्यासाठी ते मंदिर उभे होते तो आत आला, आणि त्या एवढ्या मोठ्या आवारातल्या दोघांनीच त्याला ओळखल्याचे लूक सांगतो. एक शिमोन आणि दुसरी हन्ना नावाची चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा.

आणि त्याच मंदिरात, सुमारे तेहतीस वर्षांनी, तोच प्रभू दानपेटीसमोर बसला होता. एका दरिद्री विधवेने दोन टोल्या, म्हणजे तांब्याची दोन लहान नाणी, टाकल्या. मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग भरेल, एवढीच त्यांची किंमत होती. प्रभूने शिष्यांना जवळ बोलावून ते दाखवले. येथे मार्काचा बारावा अध्याय संपतो आणि आपण पुस्तक मिटतो. परंतु अध्यायांची विभागणी मार्काने केलेली नाही, ती तेराव्या शतकातली आहे. म्हणून न थांबता पुढे वाचावे. मंदिरातून बाहेर पडताच शिष्यांपैकी एक जण म्हणतो, गुरुजी, पाहा, कसे हे दगड आणि कशा या इमारती! क्षणापूर्वी ज्याला बोलावून दोन टोल्या दाखवल्या, त्याची नजर तेवढ्यात दगडांवर गेली. प्रभूने उत्तर दिले, की येथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही, आणि इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर जमीनदोस्त केले. त्या विधवेच्या दोन टोल्यांचे पुढे काही झाल्याचे मात्र शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. त्या वाढल्या नाहीत, त्यांच्या चार झाल्या नाहीत, त्यांतून एखादी संस्था उभी राहिली नाही. प्रभूने त्यांना सर्वांत मोठे दान म्हटले ते त्या जशा होत्या तशाच.

भगिनी, आता तुमचे पत्र पुन्हा काढून पाहावे. मुलांची संख्या, हॉल, पडदा, वीस शिक्षक, हे सर्व तुम्ही ठळकपणे मांडले आहे. आणि रुपया मुठीत धरून बसणारा तो मुलगा तुम्ही कंसात टाकला आहे. मला वाटते, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच त्या कंसात लिहून पाठवले आहे. देवाला हे काम दिसते का, असे तुम्ही विचारता. जे देवाला दिसते ते तुम्हालाही दिसले होते, म्हणून तर ते लिहिले गेले. फक्त ते मोजण्याजोगे आहे, असे तुम्हाला वाटले नाही.

आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या मंडळ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी त्यांना परत पाठवायला निघाले होते. पुढे तेरा वर्षे हॉल मराठी शिकले, भाषांतर केले, मुलांच्या शाळा चालवल्या, बाजारात उभे राहून बोलले. बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. २० मार्च १८२६ रोजी नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना वाटेतच पटकीने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे एक्केचाळीस. अहमदनगरचे केंद्र सुरू झाले ते १८३१ मध्ये. ही गोष्ट सांगताना आपण पुढच्या मंडळ्या, शाळा, दवाखाने यांची यादी वाचतो आणि म्हणतो, बघा, दाण्याचे झाड झाले. मला मात्र नेहमी २० मार्चचा तो दिवस आठवतो. हॉल यांच्यासमोर यादी नव्हती. पुढे नगरला काहीच उभे राहिले नसते, तर ती तेरा वर्षे देवाच्या लेखी कमी भरली असती का? मला तसे म्हणवत नाही.

येथे एक सावधगिरीही सांगणे भाग आहे, नाहीतर हे सारे आळसाला पांघरूण घालणारे ठरेल. लहान असणे म्हणजे आपोआप पवित्र असणे नव्हे. पेंटेकॉस्टच्या दिवशी तीन हजार माणसे मिळाली, त्यात पवित्र शास्त्राला काही संकोच वाटलेला नाही; पिंपरीच्या त्या हॉलमध्येही देव असेल, यात शंका घेण्याचे कारण नाही. आणि कधी कधी काम लहान राहते ते आपण तयारी न करता उभे राहतो म्हणून, मुलांना कंटाळा आणतो म्हणून, किंवा कोणाशी तरी बिनसलेले असते म्हणून. ओळंबा आधी आपल्या भिंतीला लावून पाहावा. शनिवारी रात्री पाठ वाचून होतो का? मुलांना बोलू दिले जाते का? ही तपासणी तुम्ही प्रामाणिकपणे केलीत आणि भिंत सरळ आढळली, तर मग संख्येचा दोष स्वतःकडे घेऊ नये.

आता पंचांच्या सूचनेविषयी. तिला देवाचा नकारही समजू नये आणि शत्रुत्वही समजू नये. खुर्च्या खरोखरच ठेवायला जागा नसेल. एखादे काम योग्य वेळी थांबवणे हेही कधी कधी आज्ञापालन असते, पण येथे तशी वेळ आल्याचे मला दिसत नाही. बैठकीत आकड्यांवर वाद घालू नये, कारण आकड्यांत तुम्ही हराल. त्याऐवजी असे सुचवावे, की मुले गीते आणि प्रार्थना होईपर्यंत मोठ्यांबरोबर बसतील, उपदेश सुरू झाला की खोलीत जातील आणि शेवटच्या आशीर्वादाला परत येतील. खुर्च्या एकात एक घालून एका भिंतीला लावल्या, तर चार मुलांना सतरंजीपुरती जागा सहज उरते. क्लासला जाणाऱ्या मुलाच्या घरी एकदा जाऊन शनिवारची संध्याकाळ जमते का, तेही विचारावे.

चार मुलांबरोबर जे करता येते ते चाळीस मुलांबरोबर करता येत नाही, याचा लाभ घ्यावा. प्रत्येकाला दर रविवारी शास्त्रातला एखादा उतारा मोठ्याने वाचता येईल, अडखळला तरी थांबून ऐकता येईल. महिन्यातून एकदा चौघांना घेऊन एखाद्या आजारी माणसाच्या घरी जाता येईल. सुरुवात त्या मुलाच्या आजीपासून करावी. आईवडील तोडीला गेलेले असताना सहा महिने नातवाला सांभाळणारी ही बाई मंडळीच्या कोणत्याही अहवालात कधी आली नसेल.

आणि जी मुले तोडीला गेली आहेत, ती तुमच्या शाळेतून गेलेली नाहीत. त्यांचा नाताळ फडावर होतो, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत, शेजारी बैल बांधलेले असताना. आपल्याकडे ‘गव्हाण’ म्हटले की लोकांना गोठा आठवतो तितकाच साखर कारखानाही आठवतो, कारण गव्हाणीत मोळी टाकल्याशिवाय हंगाम सुरू होत नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायातली, बाळ येशूला निजवलेली गव्हाण या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. ती मुले आपल्याला समजावून सांगू शकतील. दर रविवारी पाठ संपल्यावर तुमच्या चार मुलांनी त्यांच्यासाठी पाठांतराचे वचन आणि एक गीत व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात भरून त्यांच्या आईवडिलांच्या फोनवर पाठवावे. दोन मिनिटांहून अधिक नको, कारण दिवसभर कोयता चालवलेला माणूस रात्री तेवढेच ऐकू शकतो. जमल्यास नाताळाच्या आठवड्यात पाळकसाहेबांना विनंती करून एखाद्या जवळच्या फडावर जाऊन यावे. पाळकसाहेब मनाने चांगले आहेत, हे तुमच्या पत्रावरूनच दिसते. ते नाही म्हणणार नाहीत.

बहिणीच्या फोटोंबद्दल एवढेच, की ते रविवारी पाहू नयेत. सोमवारी पाहून तिचे मनापासून अभिनंदन करावे.

हजेरीच्या वहीतली नावे खोडू नयेत. जे चाकणला गेले त्यांच्या नावापुढे चाकण लिहावे, जे तोडीला गेले त्यांच्या नावापुढे कारखान्याचे नाव लिहावे आणि प्रार्थनेच्या वेळी वही उघडून ती नावे मुलांकडून वाचून घ्यावीत. आजीजवळ राहणाऱ्या मुलाला त्याचा रुपया पेटीत टाकायला पाठाच्या शेवटापर्यंत थांबवायचे की आधीच टाकू द्यायचे, हे त्यालाच विचारावे. मुठीत धरून ठेवण्यातच त्याचा आनंद असेल, तर तसे राहू द्यावे.

टोळ्या परतल्या, की एप्रिलमध्ये मला पुन्हा पत्र लिहावे. किती मुले आली ते नाही लिहिले तरी चालेल, पण फडावर राहून आलेल्या मुलांनी गव्हाणीविषयी काय सांगितले ते अवश्य लिहावे.

तुमचा,
सदरलेखक